कुंडीशेजारी रोबो ठेवला. मन नक्की कशानं हलकं झालं?

मातीमित्र: बागकाम करताना सोबतीला बोलका रोबो ठेवला, आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली, आनंदाचे गुण वाढले, म्हणून रोबोमुळे मूड सुधारतो, अशी पोस्ट काल वाचली. राहवलं नाही. अहो, रोबोशिवाय बागकाम करणारा गट कुठाय? नेदरलँड्समधल्या २०११ च्या अभ्यासात ताण आणणारं काम दिल्यावर काहींना ३० मिनिटं बागेत पाठवलं, काहींना आत वाचत बसवलं. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दोन्ही गटांचं उतरलं, बागवाल्यांचं जास्त. मूड सावरला तो फक्त त्यांचाच. तिथे रोबो नव्हता. मातीचं श्रेय यंत्राला कशाला?

निशिगंध: तुलनेला गट हवा, कबूल. पण दादा, बागेपर्यंत माणूस पोचलाच नाही तर? बाबा गेल्यावर आईनं गच्चीत जाणंच सोडलं. कुंड्या वाळल्या. भावानं रोबो आणला. तो सकाळी विचारतो, "आज गुलाब पाहिलात का?" आणि ती उठते. खुरपं ठेवलं की पदरानं त्याच्या डोळ्यावरची माती पुसते. हे कुठल्या प्रश्नावलीत मावणार?

मातीमित्र: आईंबद्दल वाचून बरं वाटलं. पण प्रश्न रोबोनंच विचारले असतील तर उत्तरं कच्ची. समोरचा संगणकच "मी कसा वाटलो?" विचारतो तेव्हा लोक भिडेखातर चांगलं सांगतात, हे संशोधक क्लिफर्ड नॅस यांनी १९९० च्या दशकातच दाखवलं. शिवाय नव्याचे नऊ दिवस! आठवडाभराच्या मोजणीत ते नऊ दिवसच मोजले जातात.

आळंवाली: मूडचं राहू द्या, आधी पाण्याचं बोला. हे रोबो सेन्सर बघून "पाणी घाला" म्हणतात. वरचा थर कोरडा, खाली चिखल. माझा मोगरा मुळं कुजून गेला, आठ वर्षांचा होता! बोट दोन पेरं मातीत घाला, कळतं. पाण्याचं ज्याचं त्यानं ठरवावं. १९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ लँगर आणि रोडिन यांनी वृद्धाश्रमात हेच पाहिलं. एका मजल्यावर रोप ज्याचं त्यानं सांभाळायचं, दुसऱ्यावर परिचारिका पाणी घालणार. स्वतः सांभाळणारे जास्त आनंदी आणि हिंडते-फिरते झाले. निर्णय काढून घेतलात की बागकामातला जीवच गेला.

निशिगंध: त्या मजल्यावर नुसतं रोप नव्हतं दिलं, इतर गोष्टीही त्यांनाच ठरवू दिल्या होत्या. अर्धं सांगू नका.

आळंवाली: मग माझंच म्हणणं पक्कं झालं ना! ठरवू द्या माणसाला.

जुनाखुरपी: बोटाचं कौतुक पुरे करा, ताई. मला वीस वर्षं मधुमेह आहे. बोटांना ओल कळत नाही, काटा रुतला तर रक्त दिसल्यावर समजतं. सेन्सरनं सांगितलं म्हणून मी आज कुंडी सांभाळतो. तुमचा एक मोगरा गेला म्हणून माझी बाग बंद करायची का?

आळंवाली: तसं म्हणाले नाही. असं कुणाचं असेल हे डोक्यात आलं नव्हतं. ज्याला गरज आहे त्याला सेन्सर असू दे, पण ओल किती ते सांगून त्यानं गप्प बसावं. पाणी घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

जुनाखुरपी: तेच करतो. विचारलं असतंत तर आधीच सांगितलं असतं.

मातीमित्र: मूळ मुद्द्यावर या. गट तीन हवेत: एकट्यानं बागकाम, माणसाच्या सोबतीनं, रोबोच्या सोबतीनं. दुसऱ्या गटाशिवाय गुण रोबोचा की नुसत्या सोबतीचा, हे कळणार नाही. प्रश्न तिऱ्हाइतानं विचारायचे, निदान दोन महिने. तोवर माझं मत तेच. निशिगंधताई, आईंना एवढंच विचारा: रोबो बंद पडला तर गच्चीत जातील का?

निशिगंध: विचारलं. म्हणाली, "गुलाबाला कळ्या आल्यात, त्याला कसं तहानलेलं ठेवू? जाईन की. पण कळी उमलली हे वरून कुणाला सांगू?"