मदत हवी आहे : गोदामाच्या सभागृहातला आवाजाचा घुमारा कसा कमी करावा?

नमस्कार मंडळी. कलावस्तीतल्या एका जुन्या गोदामाचं आम्ही कार्यक्रमांसाठी सभागृह केलंय. विटांच्या उघड्या भिंती, छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, वर पत्रा. जागा फार देखणी आहे, पण आवाज घुमतो. बासरी छान लागते; कवितावाचनातला मात्र शब्द कळत नाही.

हॉल २४ बाय १५ मीटर, उंची ७. सॅबिनच्या सूत्राने (खोलीचं आकारमान आणि ध्वनिशोषण यांवरून आवाज विरायला किती वेळ लागेल ते सांगणारं सूत्र) घुमारा एका सेकंदावर आणायला साधारण ४०० चौरस मीटर ध्वनिशोषण लागतं, म्हणजे आवाज पूर्ण शोषणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं. प्रेक्षक भरले की थोडं भागतं. भिंती झाकायच्या नाहीत, त्या विटांसाठीच तर ही जागा जपली! मग कैच्यांना रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे) पॅनल उभे टांगावेत का? कैच्या वजन पेलतील का, हे कोणाकडून तपासावं? आणि पॅनलवर चढवायला, आगरोधक असूनही आवाज आत जाऊ देणारं कापड कोणतं?