मदत हवी आहे : सोन्याचा थर जाड केला आणि कॉन्ट्रास्टचं चिन्हच उलटलं

मंडळी, तांब्यावर कोबाल्ट आणि वर सोन्याचं आवरण अशा फिल्मवर 800 नॅनोमीटरचा फेम्टोसेकंद लेसर टाकून 400 वर येणारा दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेचा प्रकाश) मोजतोय. चुंबकीय क्षेत्र आडवं (फिल्मच्या पृष्ठात, आपात-प्रतलाला लंब), आपात आणि निर्गत दोन्ही प्रकाश पी-ध्रुवित (विद्युत क्षेत्र आपात-प्रतलात). क्षेत्र उलटवलं की हार्मोनिकची तीव्रता बदलते (या दोन तीव्रतांतला सापेक्ष फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट), इथवर ठीक.

कोबाल्ट 2 वरून 4 नॅनोमीटर केला तेव्हा साधा केर सिग्नल (चुंबकत्वामुळे परावर्तित मूळ प्रकाशात होणारा बदल) वाढला, हार्मोनिकचा कॉन्ट्रास्ट जवळपास तसाच राहिला. हेही पटतं, कारण सममिती-केंद्र असलेल्या धातूच्या पोटातून द्विध्रुवी हार्मोनिक निघत नाही, तो थरांच्या सीमांवरच तयार होतो. पण नुसतं सोनं 2 चं 4 केलं आणि कॉन्ट्रास्टचं चिन्हच फिरलं! आधी वाटलं, चुंबकाच्या तारा उलट्या जोडल्या. तपासल्या, बरोबर आहेत.

हा हार्मोनिकच्या चुंबकीय आणि अचुंबकीय भागांतल्या कलांतराचा (फेजच्या फरकाचा) खेळ, की सोन्यातल्या क्वांटम-वेल अवस्थांचा (पातळ थरात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ठराविक ऊर्जापातळ्यांचा)? कलांतर मोजायला क्वार्ट्झची पट्टी (तिच्यातून तुलनेसाठी संदर्भ हार्मोनिक मिळतो) किरणाच्या वाटेत पुढेमागे सरकवून पाहिली, पण व्यतिकरणाच्या पट्ट्या फारच फिक्या येतात. क्वार्ट्झची पट्टी नमुन्याच्या आधी ठेवावी की नंतर? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.