मदत हवी आहे : एक्लिप्समध्ये व्हिज्युअलव्हीएम एकाच रन कॉन्फिगरेशनपुरता कसा सुरू करावा?

नमस्कार,

ऐरोलीतील आमचा छोटा गट कंटेनर यार्डांसाठी जावामध्ये एक प्रणाली तयार करतो. न्हावा-शेवा बंदरातून आलेला कंटेनर यार्डात कोणत्या रांगेत आणि कितव्या थरावर ठेवावा, हे ती सुचवते. यार्ड भरत आले की ही सूचना येण्यास फार वेळ लागतो, म्हणून प्रोफायलिंग, म्हणजे कोडच्या कोणत्या भागात किती वेळ जातो याचे मोजमाप, करण्याचे ठरले. एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या साधनात व्हिज्युअलव्हीएम या मोजमापाच्या साधनाचा लाँचर प्लगइन (प्रोग्रॅम चालवताच ते साधनही उघडणारी जोडणी) बसवला आणि प्रेफरन्सेसमधील ‘डीफॉल्ट लाँचर्स’ या पानावर जावा ॲप्लिकेशनसाठी तोच निवडला. आम्ही जेडीके (जावाचा विकाससंच) १७ वापरतो.

प्लगइन उत्तम चालतो, पण तो नको तिथेही चालतो, ही पहिली अडचण आहे. तारखेचे स्वरूप तपासण्यासाठी लिहिलेला दहा ओळींचा मेन क्लास चालवला तरी व्हिज्युअलव्हीएम समोर येऊन उभा राहतो आणि ८ जीबी मेमरीच्या मशीनवर एक्लिप्ससकट सगळेच रेंगाळू लागते. मला तो फक्त ‘यार्ड-प्रोफाइल’ नावाच्या एका रन कॉन्फिगरेशनपुरता, म्हणजे प्रोग्रॅम चालवण्याच्या एका साठवलेल्या सेटिंगपुरता, हवा आहे.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. प्रणाली सुरू होताना यार्डातील सर्व कंटेनरांच्या नोंदी डेटाबेसमधून मेमरीत आणते. सुरुवातीपासूनचे मोजमाप पाहिले, तर यादीत वरच्या जागा हे नोंदी वाचणाऱ्या मेथड्सच अडवून बसतात आणि ज्या जागानिवडीच्या कोडवर आमचा संशय आहे, तो पार तळाशी जातो. नोंदी भरून झाल्या की लॉगमध्ये ‘यार्ड सज्ज’ अशी ओळ उमटते. मोजमाप तिथूनच सुरू व्हावे, अशी इच्छा आहे.

शिवाय गटातील काही जण विंडोजवर आणि काही उबुंटूवर काम करतात, तर लाँच फाइल (हे कॉन्फिगरेशन साठवणारी फाइल) सर्वांच्या सामाईक गिटमध्ये असते. त्यामुळे तिच्यात कोणाच्याही मशीनचा पाथ लिहिलेला नको. एवढ्यासाठी स्वतंत्र प्लगइन लिहावा लागू नये असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद : घणसोलीकर

पहिल्या अडचणीचे उत्तर सोपे आहे. ‘डीफॉल्ट लाँचर्स’ या पानावर पुन्हा एक्लिप्सचा मूळ जेडीटी (एक्लिप्सची जावासाठीची साधने) लाँचर निवडा. त्यानंतर ‘यार्ड-प्रोफाइल’ हे रन कॉन्फिगरेशन उघडा. एकाहून अधिक लाँचर उपलब्ध असले की त्या खिडकीच्या तळाशी लाँचर बदलण्याची बारीक अक्षरांतील लिंक दिसते. ती सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. तेथे या कॉन्फिगरेशनपुरत्या वेगळ्या सेटिंगची खूण करून व्हिज्युअलव्हीएम निवडा. ही निवड त्याच लाँच फाइलमध्ये साठवली जाते, इतर कॉन्फिगरेशनना तिचा स्पर्श होत नाही.

दुसऱ्या अडचणीसाठी मात्र मी लाँचरच्या मागे लागणार नाही. जेडीकेमध्येच असलेला फ्लाइट रेकॉर्डर, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या मोजमापाची फाइल तयार करणारी सोय, वापरा. व्हीएम आर्ग्युमेंट्समध्ये (जावा सुरू करताना द्यायच्या सूचनांमध्ये) त्याला ‘डिले’, म्हणजे उशिरा सुरू होण्याची सूचना, देता येतो, पण तो ठरावीक सेकंदांचा असतो आणि तुमच्या नोंदी भरण्यास लागणारा वेळ यार्डानुसार कमी-जास्त होणार, म्हणून तो भरवशाचा नाही. त्याऐवजी ‘एक्स्टर्नल टूल्स’मध्ये जेसीएमडी या, चालू जावा प्रोसेसला सूचना देणाऱ्या जेडीकेतील आज्ञेचे एक कॉन्फिगरेशन करून ठेवा. तिला प्रोसेसच्या क्रमांकाऐवजी मेन क्लासचे नाव दिलेले चालते, त्यामुळे प्रत्येक वेळी क्रमांक शोधावा लागत नाही. ‘यार्ड सज्ज’ ही ओळ कन्सोलवर दिसली की ते बटण दाबायचे, रेकॉर्डिंग तिथून सुरू होते. सेटिंग म्हणून ‘प्रोफाइल’ द्या. त्यात जावा थ्रेडचे नमुने (त्या क्षणी कोणता कोड चालू आहे याच्या नोंदी) दर १० मिलिसेकंदांनी घेतले जातात, तर ‘डीफॉल्ट’मध्ये दर २० मिलिसेकंदांनी. तयार झालेली फाइल व्हिज्युअलव्हीएमच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये उघडते.

पाथसाठी प्रेफरन्सेसमधील ‘स्ट्रिंग सब्स्टिट्यूशन’ या पानावर प्रत्येकाने एकाच नावाचे व्हेरिएबल तयार करून त्यात आपापल्या जेडीकेची जागा लिहावी आणि लाँच फाइलमध्ये केवळ ते नाव ठेवावे. ज्याने ते तयार केलेले नसेल, त्याला एक्लिप्स अज्ञात व्हेरिएबलची स्पष्ट तक्रार दाखवते, म्हणजे गोंधळ लगेच कळतो. ऑपरेटिंग सिस्टीममधील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही चालते, पण त्याचे मूल्य बदलले की एक्लिप्स बंद करून पुन्हा उघडावे लागते.

प्रतिसाद : वागळे_इस्टेट

घणसोलीकरांशी सहमत आहे. एक भर घालतो : व्हिज्युअलव्हीएम स्वतंत्रपणे उघडून ठेवला, तर त्याच वापरकर्त्याच्या खात्यात चालू असलेल्या जावा प्रोसेस त्याच्या डावीकडील यादीत आपोआप दिसतात आणि सॅम्पलर (त्याची नमुने घेऊन मोजमाप करण्याची सोय) हवा तेव्हा सुरू करता येतो. त्यामुळे ८ जीबीच्या मशीनवर लाँचर प्लगइन काढूनच टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तळाची लिंक सापडली आणि जेसीएमडीचे बटणही काम करू लागले आहे. यादीत आता जागानिवडीची तुलना करणारी मेथड सर्वात वर दिसते. एक उपप्रश्न उरतो. आमचे अहवालांचे मॉड्यूल अजून जेडीके ८ वर चालते. तेथेही हीच पद्धत वापरता येईल का?

प्रतिसाद : घणसोलीकर

येईल, पण ओपनजेडीके (जेडीकेची मुक्तस्रोत आवृत्ती) ८ ची आवृत्ती अपडेट २६२ किंवा त्यानंतरची असावी. फ्लाइट रेकॉर्डर २०१८ मध्ये जेडीके ११ सोबत मुक्तस्रोत झाला आणि पुढे २०२० मध्ये त्या अपडेटद्वारे ८ मध्ये आणला गेला. तुमची आवृत्ती कोणती ते टर्मिनलवर पाहून येथे कळवा.