निन्टेन्डो वीचं रेकॉर्डिंग काळं-पांढरं येतंय, काय घेऊ?

भिंगरी
वी (गेम कन्सोल) पाल आवृत्तीची आहे, म्हणजे युरोपातल्या टीव्ही पद्धतीची. सोबतची पिवळी-पांढरी-लाल वायर, पुढे लॅपटॉपला यूएसबी कॅप्चर (चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं यंत्र). टीव्हीवर झकास रंगीत दिसतं. ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानची पद्धत, निवडलं की चित्र स्थिर पण कृष्णधवल, पाल निवडलं की चित्र सारखं वर सरकतं. बजेट जेमतेम एका वायरीचं आहे. नवीन कॅप्चर कार्ड सुचवू नका.

लेव्हल_बॉस
४के कार्ड घे, विषय संपव. माझ्याकडे आहे, एचडीआर, १२० फ्रेम्स, सगळं लोण्यासारखं.

जुनाखेळिया
वीला एचडीएमआयच नाही, तुमचं लोणी कुठे लावायचं त्याने? आणि बजेट वाचलंत का?

तारामास्तर
वी ६० हर्ट्झवर असणार. पाल वी तेव्हा पिवळ्या वायरीतून पाल-६० सोडते, म्हणजे ५२५ रेषा आणि ६० हर्ट्झ एनटीएससीसारखे, पण रंग पालचा, ४.४३ मेगाहर्ट्झवर. एनटीएससी निवडल्यावर कॅप्चर रंग ३.५८ वर शोधतं, तिथे काहीच नसतं, म्हणून कृष्णधवल. पाल निवडल्यावर ते ५० हर्ट्झची वाट बघतं, म्हणून चित्र घसरतं. टीव्हीला दोन्ही समजतं.
आधी फुकटचे उपाय. ओबीएसमध्ये 'कॉन्फिगर व्हिडिओ' उघडून स्टँडर्डच्या यादीत पाल-६० आहे का बघ. नसेल तर वीच्या सेटिंगमध्ये स्क्रीन, टीव्ही रिझोल्यूशन, ५० हर्ट्झ कर आणि ओबीएसमध्ये पाल ठेव. रंग येईल.

पिक्सेलपंत
५० हर्ट्झ??? खेळ रखडतो. मेगा ड्राइव्हवर भोगलंय, संगीतसुद्धा मंद वाजायचं.

तारामास्तर
ते त्या काळचं. वीचे बहुतेक खेळ ५० वरही त्याच वेगाने चालतात, फक्त सेकंदाला फ्रेम्स कमी मिळतात.

पिक्सेलपंत
रखडतो तो रखडतोच.

केबलकाका
एस-व्हिडिओ वायर घे. मी घेतली, फरक जमीन-अस्मानाचा.

जुनाखेळिया
काका, पाल वीमधून एस-व्हिडिओ निघत नाही, तिथे आरजीबी आहे. तुमची वी एनटीएससी असेल. कंपोनंट वायर मात्र चालेल, हिरवी-निळी-लाल. तिच्यात रंग वेगळ्या तारांतून येतो, त्यामुळे हा पाल-एनटीएससी घोळच राहत नाही, शिवाय ४८०पी (प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण ४८० रेषा) मिळतं. पण कॅप्चरला कंपोनंटची भोकं हवीत. नुसती हिरवी पिन पिवळ्या भोकात खुपसलीस तर पुन्हा कृष्णधवलच.

लेव्हल_बॉस
म्हणजे नवीन कार्ड. मी तेच म्हणत होतो.

गुपचूप
वीच्या मागे लावायचा छोटा एचडीएमआय अडॅप्टर आणि एचडीएमआयची यूएसबी कॅप्चर काडी. माझं त्यावर चालतं. एचडीसीपीची (रेकॉर्डिंग अडवणारं कॉपी-संरक्षण) कटकट नाही.

पिक्सेलपंत
अवांतर: पीएस३ ला एचडीसीपी बंदच करता येत नाही. ती वैतागून विकली मी.

केबलकाका
पीएस४ ला सेटिंगमधून बंद होतं.

पिक्सेलपंत
पीएस३ चं बोलतोय मी.

शेवटचीलेव्हल
+१ कंपोनंट. वाखूसा (वाचनखूण साठवली).

भिंगरी
तारामास्तर, धन्यवाद. यादीत पाल-६० नाही. ५० हर्ट्झवर रंग आला! पण मी ६० वर परत गेलोय, एनटीएससी आणि कृष्णधवल. रेकॉर्डिंग कुणाला दाखवायचं नाहीये. शर्यतीत वळणावर ब्रेक कधी लागतो तेवढं बघायचंय, त्याला फ्रेम्स हव्यात, रंग नसला तरी चालेल. काहीच विकत घेत नाहीये.

जुनाखेळिया
एवढं टंकून घेतलंस आणि कृष्णधवल?

तारामास्तर
असू दे, पण मग डीइंटरलेस (एकाआड एक रेषांच्या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं) नीट लाव. ओबीएसमध्ये सोर्सवर राइट क्लिक, डीइंटरलेसिंगमध्ये यादिफ २एक्स. साधं यादिफ लावलंस तर ६० च्या ३० फ्रेम्स होतील आणि सगळा खटाटोप पाण्यात. आणि खेळताना टीव्हीकडेच बघ, लॅपटॉपवर चित्र उशिरा येतं.

गुपचूप
टीव्ही आणि कॅप्चरसाठी वायर साध्या वाय-जोडणीने फोडू नकोस. चित्र अंधारतं.

लेव्हल_बॉस
४के कार्डात पासथ्रू (तेच चित्र टीव्हीलाही पुढे देणारी सोय) असतो.

नवखा_०७
धागा हायजॅक करतोय, माफी. माझ्या पाल गेमक्यूबला सेटिंगमध्ये हर्ट्झचा पर्यायच सापडत नाही?

तारामास्तर
काही खेळ सुरू होताना बी बटण दाबून धर. ज्या खेळात सोय आहे तो ६० हर्ट्झ हवे का विचारतो. आणि तोही पाल-६० च, म्हणजे वर वाच.