स्टेंट टाकल्यावरही सीआरपी वाढलाय, काय समजायचं?

कृष्णाकाठची:
बाबा 67 वर्षांचे. पित्तनळीत खडा अडकलेला. डोळे आठवडाभर पिवळे होते, आम्ही काविळीची माळ घालून आणली आणि थांबलो. याचं फार वाईट वाटतंय. मंगळवारी रात्री अशी हुडहुडी भरली की दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. पहाटे मला आत्याच्या नावानं हाका मारायला लागले. दवाखान्यात बीपी 84/50. काल दुपारी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण पित्तनळीच्या तोंडापर्यंत नेऊन, स्टेंट टाकला, म्हणजे पित्त वाहायला छोटी नळी. आता ताप नाही, मला ओळखतात. पण सीआरपी, म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडा, काल 142 होता, आज 168. वाट मोकळी झाली तर सूज वाढते कशी?

एंडोस्कोपीतली सिस्टर:
ताई, सीआरपी यकृत बनवतं आणि तो मागून चालतो. आजचा आकडा कालच्या आजाराचा आहे. नाडी, बीपी, लघवी किती होते ते बघा. मात्र पोटातली कळ पाठीत जायला लागली तर लगेच सांगा, ईआरसीपीनंतर कधी कधी स्वादुपिंडाला सूज येते.

पित्त वाहतं तोवर जंतू आतड्यात धुऊन जातात. तुंबलं की नळीत दाब वाढतो आणि जंतू, त्यांचं विष थेट रक्तात ढकललं जातं. मग सगळं शरीर पेटतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी कोसळतं. तुंबलेल्या नळीत अँटिबायोटिकही नीट पोचत नाही. नळीचं तोंड उघडल्यावर पित्ताऐवजी दाट पू गळताना स्क्रीनवर कितीदा पाहिलाय. तो निघाल्यावर काही तासांत सावरलेले पेशंटही पाहिलेत.

निवासी डॉक्टर, सर्जरी:
सिस्टरांशी सहमत. उजव्या बरगडीखाली दुखत होतं का? थंडी-ताप, कावीळ आणि हे दुखणं ही तीन लक्षणं शार्को या फ्रेंच डॉक्टरनं 1877 मध्ये सांगितली. रेनॉल्ड्स या सर्जननं 1959 मध्ये त्यात बीपी पडणं आणि भ्रम जोडले. पाचही दिसणारे पेशंट थोडे, पण ते फार गंभीर असतात. तुम्ही वेळेत आणलंत. प्लास्टिकचा स्टेंट असेल तर साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. राहून गेला तर तोच तुंबतो. खडे बहुतेक पित्ताशयातूनच येतात, म्हणून ते काढायच्या ऑपरेशनचंही आत्ताच विचारून ठेवा.

कृष्णाकाठची:
दुखत होतं हो, ते गॅस म्हणत राहिले. शनिवारचा सीआरपी 71, बीपी 118/76. पाठीत कळ नाही. स्टेंट प्लास्टिकचाच आहे, तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलीय, भावाच्या फोनमध्येही टाकलीय.