'लेस टॉवेल्स' की 'फ्यूअर टॉवेल्स'?

(बोलणारे सोलापूरचे, आपापल्या भागाच्या नावाने.)

सात रस्ता: आमच्या टॉवेल कारखान्यातून परदेशी गिऱ्हाइकाला पत्र जायचंय. या खेपेला माल कमी आहे, म्हणून मुनीमजींनी इंग्रजीत 'लेस (less) टॉवेल्स' लिहिलंय. मी 'फ्यूअर' (fewer) करा म्हटलं तर ऐकेनात. मराठीत कमी पाणी, कमी टॉवेल, एकाच शब्दात भागतं. आणि सुताला, म्हणजे 'यार्न'ला, 'मच' लावायचं की 'मेनी'?

बाळीवेस: नगांना फ्यूअर, मेनी, नंबर. बाकीच्याला लेस, मच, अमाउंट. टॉवेल नगावर जातात, तेव्हा फ्यूअरच. सूत किलोवर येतं, म्हणून 'मच यार्न'. सुताचे प्रकार सांगायचे असतील तर 'मेनी यार्न्स' चालेल. 'अ लॉट ऑफ' दोन्हीकडे निभतं. धंद्याच्या पत्रात ढिलाई नको.

पार्क चौक: एवढा पक्का नियम नाही हो. 1770 मध्ये रॉबर्ट बेकरने 'फ्यूअर' जास्त शोभतं असं स्वतःचं मत लिहिलं. पुढच्यांनी त्याचा कायदा केला. त्याआधी कित्येक शतकं इंग्रज नगांनाही लेस लावत होते. दहा किलोमीटर, पाचशे रुपये मोजता येतात ना? तिथे सगळेच 'लेस दॅन' म्हणतात. मुनीमजींचं चुकलेलं नाही.

बाळीवेस: तिथे सलग अंतर, एकूण रक्कम धरलेली असते. टॉवेलांचं तसं नाही. बोलताना चालवून घेईन, लिहिताना नाही.

कन्ना चौक: मोजता येणं वस्तूत नसतंच, ते भाषा ठरवते. आमच्या घरी तेलुगू. त्यात पाणी 'नीळ्ळु' आणि दूध 'पालु', दोन्ही अनेकवचनी! मराठीत ज्वारी दळली, पण पोहे भिजवले. इंग्रजीत 'व्हीट' एकवचनी, 'ओट्स' अनेकवचनी.

विजापूर वेस: वाटाण्याचं बघा. इंग्रजीत आधी 'पीज' हा 'राइस'सारखा ढिगाचा शब्द होता. शेवटचा 'ज' अनेकवचनाचा समजून लोकांनी 'पी' वेगळा काढला. तांदळाचं आता त्याच्या उलट चाललंय. आई 'तांदूळ धुतले' म्हणायची, मुलं 'धुतला' म्हणतात. कानाला खटकतं.

पार्क चौक: घरात 'तांदूळ धुतले', बाजारात 'तांदूळ महागला'. दोन्ही बरोबर.

विजापूर वेस: बाजारातही 'महागले'च हवं.

सात रस्ता: पत्र उद्या जायचंय. काय लिहू?

बाळीवेस: फ्यूअर.

पार्क चौक: लेस राहू द्या, गिऱ्हाइकाला कळतं.

कन्ना चौक: आणि गहू? आमच्या गिरणीत 'दळला' आणि 'दळले' दोन्ही ऐकतो.