सनी बिल विल्यम्सने २००८ मध्ये बुलडॉग्ज सोडलं ती गद्दारी होती का?

तेरावा_गडी
जुलै २००८. सिडनीच्या कँटरबरी बुलडॉग्ज या रग्बी लीग क्लबचा बावीस वर्षांचा सनी बिल विल्यम्स भर हंगामात, सोबत्यांनाही न सांगता फ्रान्सला गेला आणि तुलाँ क्लबकडून रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा दुसरा प्रकार, खेळू लागला. पाच वर्षांचा करार अर्ध्यावरही आला नव्हता. सिडनीतले कितीतरी जुने प्रेक्षक आजही त्याला गद्दार म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

ज्यांनी रग्बी लीग पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूला १३ खेळाडू. चेंडू असलेल्या संघाला सहा वेळा पकडलं जाईपर्यंत संधी मिळते, तेवढ्यात जमलं नाही तर चेंडू समोरच्याला. ऐंशी मिनिटं शंभर-शंभर किलोची माणसं एकमेकांवर आदळत असतात. या खेळात कमाईची वर्षं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. त्यात एनआरएलमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य रग्बी लीग स्पर्धेत, क्लबच्या एकूण पगारावर सॅलरी कॅप. बाहेर तुम्हाला कितीही भाव असो, इथे त्या मर्यादेतच बसायचं.

आणि निष्ठेच्या गोष्टी कोण करतंय? याच बुलडॉग्जने सॅलरी कॅप धाब्यावर बसवली म्हणून २००२ मध्ये त्यांचे ३७ गुण कापले गेले. अव्वल असलेला संघ थेट तळाला गेला.

बेलमोरकर
क्लबने २००२ मध्ये चूक केली, त्याची शिक्षा भोगली. त्यावरून २००८ मध्ये खेळाडूने सही मोडावी हे कसं काय बरोबर ठरतं?

मी बुलडॉग्जच्याच भागात, सिडनीतल्या बेलमोरला राहतो. इथल्या लेबनीज दुकानांत बुलडॉग्जच्या हाझेम एल मस्रीबद्दल लोक कसे बोलतात ते ऐकायला हवं. १९९६ ते २००९, एकच क्लब. किक मारून मारून त्याने स्पर्धेतल्या सर्वाधिक गुणांचा विक्रम केला. त्यालाही हीच सॅलरी कॅप होती.

सनी बिल गेला त्या हंगामात बुलडॉग्ज शेवटचे आले. मागे राहिलेल्यांनी उरलेले सामने कसे काढले असतील? जायचं होतं तर हंगाम संपवून, तोंडावर सांगून जायचं.

अनघा_वाचते
बेलमोरकर, न सांगता जाणं वाईट, हे मान्य. पण शरीराचा मुद्दा तुम्ही सोडूनच दिलात. तेव्हाचे बुलडॉग्जचे प्रशिक्षक स्टीव्ह फोक्स स्वतः त्याच क्लबचे जुने खेळाडू. २०१८ मध्ये ५९ व्या वर्षी ते गेले. नंतर त्यांच्या मेंदूत सीटीई सापडला, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा आजार. ज्या खेळात ही किंमत मोजावी लागते, तिथे बावीस वर्षांच्या मुलाने जास्त पैसे आणि कमी आदळआपट निवडली तर त्याला शिव्या का घालायच्या?

बेलमोरकर
युनियनमध्ये काय डोकी आदळत नाहीत? शरीराची एवढी काळजी असती तर तो नंतर बॉक्सिंगच्या रिंगणात उतरला नसता.

जुनी_पानं
एक संदर्भ देतो. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी रग्बी युनियन या संघटनेशी काडीमोड घेतला. मुख्य कारण पैशाचं. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंचा सामन्यासाठी खाडा व्हायचा, मजुरी बुडायची. ती भरून द्यायला युनियनवाल्यांनी नकार दिला. म्हणजे रग्बी लीग हा खेळ जन्मलाच मुळी खेळाडूला त्याच्या श्रमाचे पैसे मिळावेत म्हणून. पैशासाठी गेला ही शिवी लीगवाल्यांच्या तोंडी शोभत नाही.

बेलमोरकर
पैशासाठी गेला याबद्दल माझी तक्रारच नाही! सही करून गेला, ही आहे. १८९५ चे क्लब उघड ठराव करून बाहेर पडले. रात्रीतून पळाले नाहीत.

तेरावा_गडी
भरपाई दिली की. साडेसात लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली.

बेलमोरकर
प्रकरण कोर्टात गेल्यावर. आपणहून नाही.

तुमच्या बाजूने खरा मुद्दा मीच देतो. २०१३ मध्ये तो लीगमध्ये परतला तो सिडनी रूस्टर्सकडे, एका वर्षाच्या करारावर. तो पूर्ण पाळला. अंतिम सामन्यात मॅनलीला २६-१८ ने हरवलं, त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. छोटा करार करा, पाळा, मग खुशाल जा. २०१३ मध्ये जमलं ते आधीही जमलं असतं.

अनघा_वाचते
२०१३ मध्ये तो विश्वविजेता ऑल ब्लॅक, म्हणजे न्यूझीलंडच्या युनियन संघाचा खेळाडू होता, अटी त्याच्या होत्या. पहिला मोठा करार करताना हा ऑकलंडहून आलेला पोरगा होता. एकोणीस वर्षांचा असताना, २००४ मध्ये त्याने या क्लबसोबत विजेतेपद जिंकलं. एवढ्या लहान वयात कुठला क्लब त्याला एका वर्षाची सही करू देणार होता? पाच वर्षांचा कागद क्लबला हवा होता, कारण दुखापत झाली नाही तर त्याचा भाव वाढणार हे क्लबला पक्कं ठाऊक होतं.

बेलमोरकर
आणि झाली असती तर? दुखापतींमुळे त्याचे बरेच सामने हुकले, तेव्हाही पगार चालूच होता ना. पाच वर्षांच्या कागदाने त्यालाही सांभाळलं. ती बाजू कोणीच मोजत नाही.